टिनटाइप व त्याची पेटी

टिनटाइप : काळे रोगण चढवलेल्या पातळ लोखंडी पत्र्यावर ओल्या कलोडियन पद्धतीने (चिकट द्रावणाचा प्रकाशसंवेदी थर ओला असतानाच चित्र घेण्याची रीत) थेट घेतलेले छायाचित्र. फेरोटाइप, मेलेनोटाइप ही त्याचीच नावे. यात कथिल (टिन) नसते. पत्र्याच्या कोणत्याही डब्याला आपण टिन म्हणतो, तसेच हे नाव.

जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. फ्रान्समध्ये मार्तँ यांनी १८५३ मध्ये अशा पद्धतीचे वर्णन केले होते. अमेरिकेत ओहायओतील केन्यन कॉलेजचे हॅमिल्टन स्मिथ यांनी १९ फेब्रुवारी १८५६ रोजी एकस्व (पेटंट) घेतले आणि ते विल्यम व पीटर नेफ यांच्याकडे सोपवले. कल्पना मार्तँ यांची असली, तरी धंद्यात चालणारा पत्रा स्मिथ-नेफ यांचा, हे मत अधिक पटणारे. सुरुवातीच्या काही पत्र्यांच्या कडेला नेफ यांचे नाव व एकस्वाची तारीख ठसवलेली असते.

टिनटाइप ठेवण्याच्या तथाकथित गट्टापर्चा पेटीत गट्टापर्चा (रबरासारखा झाडाचा चीक) नसतो. न्यू हेवनच्या सॅम्युएल पेक यांच्या १८५४ च्या एकस्वातील ही ‘युनियन’ पेटी चपडा लाख व लाकडाचा भुसा तापवून साच्यात दाबलेली असते. म्हणून ती स्पिरिटने पुसू नये, लाख विरघळते. दुसरा प्रकार लाकडी सांगाड्यावर ठसेदार चामडे किंवा कागद मढवलेला. आत पत्रा, पितळी चौकट, काच आणि तिन्हींना बांधणारी पातळ पितळी पट्टी असते.

मापे ठरलेली असल्याने (पूर्ण पत्र्याचा सहावा हिस्सा २¾ × ३¼ इंच, नववा २ × २½) चित्रे सहज अदलाबदल होतात. पेटीवरून चित्राचा काळ ठरवणे म्हणूनच बेभरवशाचे. साधारण १८६५ नंतर कागदी पाकिटे व अल्बम आले आणि पेट्या मागे पडल्या. पाकिटामागे अमेरिकी महसुली तिकीट (कर भरल्याची खूण) असल्यास चित्र बहुधा १८६४–६६ मधले.

दोऱ्याला टांगलेला लहान चुंबक काचेजवळ ओढला गेला, तर पत्रा लोखंडी असण्याचा संभव. मात्र अँब्रोटाइपमागेही (त्याच पद्धतीने काचेवर घेतलेले चित्र) कधी काळा लोखंडी पत्रा लावत. चित्र आरशातल्यासारखे उलटे असते, त्यामुळे सैनिकाची तलवार भलत्याच कमरेला दिसते.

पत्रा वाकला की रोगणाला चिरा पडतात, चिरांतून दमट हवा शिरून गंज धरतो आणि चित्र पापुद्र्यासह उठते. काचेच्या आतल्या बाजूचे दवासारखे थेंब हे काचेतून पाझरलेल्या अल्कलीचे. काच बदलावी, पितळी पट्टी मात्र जपून उघडावी, कारण ती कोपऱ्यांवर तुटते.