आयन खरंच हलला का? कॅथोडच्या रंगीत नकाशामागची गोष्ट

बॅटरीच्या कॅथोडचा (धन इलेक्ट्रोडचा) रंगीत नकाशा, लाल जागी आयन (विद्युतभार असलेले अणू) जोरात हलतायत आणि निळ्या जागी मंद, अशी चित्रं आता सगळीकडे दिसतात आणि आमच्याकडची एमएस्सीची पोरं ती उचलून थेट सेमिनारला लावतात. तो रंग नेमका कशाचा, हे विचारलं की गडबड होते. त्यासाठी थोडं मागं जायला लागतं.

1974 ला समुद्रशेवाळाच्या अंड्याभोवतीचा अगदी बारीक करंट पकडायला थरथरणारा प्रोब (मोजणारी सुई) वापरला गेला, पुढं तोच गंजणाऱ्या धातूवरून फिरवायला लागले. पण तो मोजतो दोन जागांमधला व्होल्टेजचा फरक. द्रावणाची कंडक्टिव्हिटी सगळीकडे सारखी धरायची आणि त्यावरून करंट काढायचा. कुठला आयन ते कळतच नाही.

मग 1989. एकाच वर्षी दोन पद्धती पुढं आल्या, एसईसीएम (स्कॅनिंग इलेक्ट्रोकेमिकल मायक्रोस्कोपी) आणि एसआयसीएम (स्कॅनिंग आयन कंडक्टन्स मायक्रोस्कोपी), आणि नावात एका अक्षराचा फरक असल्यामुळं आजही लोक त्यांची सरमिसळ करतात. एसईसीएममध्ये काचेत बसवलेली प्लॅटिनमची तार असते, बऱ्याचदा 25 मायक्रॉनची, आणि तिच्यावर एखाद्या मीडिएटर (इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणाऱ्या) रेणूची रिअॅक्शन होऊन काही नॅनोअँपिअर करंट येतो. एसआयसीएममध्ये मोजलेल्या करंटचा अशा रिअॅक्शनशी तसा संबंध नाही, तिथं काचेच्या पिपेटच्या (बारीक टोकाच्या नळीच्या) तोंडातून आयन जातात आणि पृष्ठभाग जवळ आला की वाट अरुंद होऊन करंट पडतो. सुरुवातीला तिनं 0.8 मायक्रॉनच्या भोकांची प्लास्टिकची मेंब्रेन बघितली होती.

ही दुसरी मी स्वतः हाताळलीये म्हणून सांगतो. सराफाकडून आणलेली चांदीची तार ब्लीचमध्ये बुडवून ठेवली की हळूहळू चॉकलेटी-करडी होते, ती इलेक्ट्रोड म्हणून पिपेटमध्ये सरकवायची, आत पोटॅशियम क्लोराइड, एक बुडबुडा जरी अडकला तरी करंट शून्य. आणि आमच्या भागात मागच्या गल्लीतले लूम सुरू झाले की टेबल इतकं हलतं की टोक खाली टेकून फुटतंच, त्यामुळं आम्ही स्कॅन रात्री साडेअकरानंतरच लावायचो.

आता मुख्य भानगड. 2010 ला एएफएमच्या (बारीक टोकानं पृष्ठभाग चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपच्या) टोकानं लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या फिल्मवर 'आयन डिफ्यूजनचा नकाशा', म्हणजे आयन पदार्थात कुठं किती वेगानं पसरतात त्याचा, काढल्याचं जाहीर झालं. नाव दिलं इलेक्ट्रोकेमिकल स्ट्रेन मायक्रोस्कोपी. कल्पना खरोखर सुंदर आहे. लिथियम आत-बाहेर गेलं की अणूंची जाळी फुगते-आकसते, तेव्हा टोकाला एसी व्होल्टेज द्यायचं आणि पृष्ठभाग किती पिकोमीटर उचलला जातो ते मोजायचं. (स्ट्रेनला आपल्या पुस्तकात 'विकृती' म्हणतात, त्या शब्दानंच निम्मी पोरं बिचकतात.) म्हणजे मोजलं उचलणं आणि सांगितलं डिफ्यूजन. या मधल्या उडीवरच सगळा वाद आहे.

हिशोब करून बघा. घन पदार्थातला डिफ्यूजन कोइफिशंट 10⁻¹⁴ चौरस मीटर प्रति सेकंद धरू, एसी साधारण 300 किलोहर्ट्झचा. एका फेऱ्याला 3.3 मायक्रोसेकंद मिळतात, तेवढ्यात आयन सरकणार 0.18 नॅनोमीटर, म्हणजे जाळीचा एक थरसुद्धा नाही! मग ते उचलणं आयनांचं कसं म्हणायचं? टोक आणि पृष्ठभाग यांच्यातल्या साध्या स्थिर-विद्युत ओढीनंही कँटिलिव्हर (टोक बसवलेली लवचिक पट्टी) हलतो. आणि नंतर लोकांनी बघितलं की ज्यात लिथियम नाही आणि जे फेरोइलेक्ट्रिकही नाही अशा ऑक्साइडच्या फिल्मवरसुद्धा तसलाच लूप (व्होल्टेज वर-खाली नेताना सिग्नलचा बंद फेरा) येतो, टोकाकडून नुसता चार्ज आत शिरला तरी पुरतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही टाकाऊ नाही. त्यांचं म्हणणं, आयन हलवतो तो डीसी पल्स, एसी फक्त वाचायला. पल्स 10 मिलिसेकंदांचा असेल तर त्याच हिशोबानं 10 नॅनोमीटर होतात आणि पल्स थांबल्यावर सिग्नल हळूहळू उतरतो ती आयनांची परत फिरण्याची खूण. हे मला पटतं, पण ज्या चित्रात नुसत्या एसीचा अॅम्प्लिट्यूड लावून खाली 'आयन मोबिलिटी' लिहिलेलं असतं तिथं नाही पटत, आणि अशी चित्रं कमी नाहीत. स्ट्रेन हा शब्द नावातच घालून उत्तर आधीच ठरवून टाकलं गेलं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच 2010 ला दोन नळ्यांच्या पिपेटच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबालाच सेल बनवायची पद्धत आली, इलेक्ट्रोड बुडवायची गरजच नाही. अशा थेंबाच्या सेलनं 2014 ला लिथियम आयर्न फॉस्फेटच्या कॅथोडवर कुठं किती रिअॅक्शन होते ते बघितलं गेलं. त्याच वर्षी प्लॅटिनमच्या टोकावर पाऱ्याचा थेंब बसवून द्रावणातलं लिथियम थेट मोजलं गेलं. लिथियम पाऱ्यात शिरतं, मग व्होल्टेज उलट्या दिशेनं सरकवलं की बाहेर पडताना करंटचा पीक देतं. हा मात्र सरळ त्या आयनाचाच पुरावा, फुगण्यावरून काढलेला अंदाज नाही, आणि याच्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही याचं मला वाईट वाटतं. चित्र रंगीत येत नाही, पारा सांभाळावा लागतो, आणि बॅटरीच्या खऱ्या इलेक्ट्रोलाइटमध्ये करायचं तर ग्लोव्ह बॉक्स (हवा आणि ओलावा न शिरणारी पेटी) पाहिजे. तो आमच्याकडं नाही, म्हणून आम्ही अजून पाण्यातल्या पोटॅशियमवरच काम करतोय आणि एएफएमचं चित्र आलं की शेजारी नुसत्या काचेवरचा तोच स्कॅन मागतोय, लिथियम नसतानाही तसंच चित्र येतं का ते बघायला.