टेम्प्लेट तुकड्यांचे कॅशिंग

स्टॅटिक संकेतस्थळाच्या, म्हणजे ज्याची पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात अशा संकेतस्थळाच्या, अनेक पानांवर मेनू, फूटर, ताज्या लेखांची यादी असे काही भाग जसेच्या तसे येतात. बिल्डच्या वेळी, म्हणजे टेम्प्लेट (पानांचे साचे) वापरून सगळी पाने तयार होताना, असा भाग एकदाच रेंडर करायचा, तयार झालेले एचटीएमएल मेमरीत ठेवायचे आणि बाकीच्या पानांना तेच द्यायचे, या पद्धतीला टेम्प्लेट तुकड्यांचे कॅशिंग म्हणतात. ही कॅश त्या बिल्डपुरतीच असते. वाचकाच्या ब्राउझरमधल्या कॅशशी तिचा संबंध नाही.

स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये आणलेल्या, गो भाषेत लिहिलेल्या ह्यूगो या स्टॅटिक संकेतस्थळे तयार करणाऱ्या साधनामध्ये अशा तुकड्याला ‘पार्शल’ म्हणतात आणि तो कॅश करण्यासाठी ‘पार्शलकॅश्ड’ हे फंक्शन आहे. जेकिल या तशाच दुसऱ्या साधनामध्ये हेच काम एका प्लगइनने होते.

फूटरमधल्या चार ओळी कॅश करून फारसे काही वाचत नाही. खरा वेळ याद्या खातात. २,००० पानांच्या संकेतस्थळावर प्रत्येक पानाने संबंधित लेख शोधायला सगळी पाने चाळली, तर ४० लाख वेळा पाहणी होते. पाने दुप्पट झाली की हे काम चौपट होते. म्हणून कॅश करण्याआधी मोजून पाहावे. ह्यूगोची ‘टेम्प्लेट मेट्रिक्स’ सोय कोणत्या टेम्प्लेटने एकूण किती वेळ घेतला ते दाखवते. सोबत ‘हिंट्स’ मागितल्या, तर त्याचे आउटपुट पानागणिक किती सारखे येते, याचा अंदाज टक्क्यांत मिळतो.

चूक होते ती पानावर अवलंबून असलेला तुकडा कॅश केल्यावर. मेनूत चालू पानाचे नाव ठळक दिसत असेल, तर जे पान आधी रेंडर झाले त्याचेच नाव सगळीकडे ठळक राहते. फूटरमध्ये ‘शेवटचा बदल’ ही तारीख असली, तर एकाच पानाची तारीख साऱ्या संकेतस्थळावर छापली जाते. ह्यूगो अनेक पाने एकाच वेळी रेंडर करतो, त्यामुळे पहिला मान कोणत्या पानाला मिळेल ते सांगता येत नाही आणि प्रत्येक बिल्डला चूक वेगळी दिसू शकते. एरर मात्र येत नाही. हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका आहे.

यावर उपाय म्हणजे ‘व्हेरिअंट’. फंक्शनला विभागाचे नाव जादा दिले, की प्रत्येक विभागाची वेगळी प्रत साठवली जाते. पण व्हेरिअंट म्हणून पानाचा पत्ताच दिला, तर तोच तुकडा एकाच पानावर पुन्हा येत नसेल तेव्हा काहीच वाचत नाही, उलट मेमरी जास्त लागते. मेनू सर्वत्र एकसारखा ठेवून चालू पान ठळक करण्याचे काम ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर सोपवणे अनेकदा अधिक सोयीचे ठरते.

मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांच्या संकेतस्थळासाठी भाषेचा व्हेरिअंट द्यावा लागत नाही, कारण ह्यूगो प्रत्येक भाषेची कॅश स्वतंत्र ठेवतो.