नदीखोऱ्यांचे वर्गीकरण आणि नामकरण

ज्या भूभागावर पडलेला पाऊस ओहोळ, ओढे, उपनद्या अशा वाटांनी अखेर एकाच नदीला येऊन मिळतो, तो सगळा भूभाग म्हणजे त्या नदीचे खोरे. खोऱ्यांचे तुकडे कुठे पाडायचे, लहान तुकडा मोठ्यात कसा बसवायचा आणि प्रत्येकाची ओळख कशी सांगायची, असे तीन प्रश्न या वर्गीकरणात येतात. पहिल्या दोन्हींची उत्तरे बऱ्याच अंशी जमिनीचा उतारच देतो. तिसरा प्रश्न माणसांचा आहे आणि घोळ होतो तो तिथेच. याचे कारण असे की, लोक नाव नदीला ठेवतात. खोरे ते नदीकडून उसने घेते.

मराठीत मोठ्या नदीचे ते ‘खोरे’ आणि ओढ्या-नाल्याचे ते ‘पाणलोट क्षेत्र’ असा वापर रूढ आहे, पण दोन्हींची व्याख्या एकच. फरक आकाराचा. धरणाचे पाणलोट क्षेत्र म्हणतात तेव्हा नदीमुखाऐवजी धरणाची भिंत हे टोक धरलेले असते. दोन खोऱ्यांना वेगळे करणारी माथ्याची रेषा म्हणजे जलविभाजक. महाबळेश्वरला ही रेषा अगदी पायाखाली असते. तिथली सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा, कोयना आणि वेण्णा यांचे पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत जाते.

सरकारी नकाशांच्या फार आधी सह्याद्रीच्या पूर्व उतारावर खोऱ्यांना नावे होती, आणि ती प्रशासनाची एककेही होती. पवन मावळ पवनेचे, गुंजण मावळ गुंजवणीचे, मुठे खोरे मुठेचे, मोसे खोरे मोसे नदीचे, वेळवंड खोरे वेळवंडीचे. प्रत्येक खोऱ्याचा कारभार स्थानिक देशमुखाकडे. दोन डोंगररांगांमधली जागा, मधून नदी, दोन्ही अंगांना गावे: भूगोल आणि महसूल इथे एकाच रेषेवर चालत होते. अपवादही होते, रोहिड खोऱ्याचे नाव नदीवरून नसून रोहिडा किल्ल्यावरून आहे. देशावर मैदान लागले की ही पद्धत बदलते. सपाटीत जलविभाजक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे नाव काठावरून पडते. गंगथडी, भीमथडी, नीरथडी ही नावे खोऱ्याची नाहीत, ‘थडी’ची म्हणजे तीरालगतच्या मुलखाची आहेत. यातील गंगथडीची गंगा म्हणजे गोदावरी, हे बाहेरच्या वाचकाला सांगावे लागते.

नावांची खरी अडचण दुहेरी आहे. एक म्हणजे एकाच नावाच्या अनेक नद्या. गाविलगडच्या डोंगराकडून येणारी विदर्भातली पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी मराठवाड्यातली पूर्णा गोदावरीला मिळते. तिसरी पूर्णा गुजरातेत नवसारीकडून थेट समुद्राला जाते. नुसते ‘पूर्णा खोरे’ म्हटले तर तीन वेगळे प्रदेश समोर येतात. दुसरी अडचण उलटी, एकाच नदीची अनेक नावे. भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की पुढचा प्रवाह प्राणहिता. पुण्याच्या खाली तर दोन्ही नावे जोडूनच चालतात, मुळा-मुठा. गोव्यात वरच्या भागात म्हादई म्हणतात तीच पणजीजवळ मांडवी. तिच्या पाणीवाटपासाठी २०१० मध्ये नेमलेल्या लवादाच्या नावात मात्र ‘महादायी’ हे तिसरे रूप आले. खोरे एकच, पण लवादाचा निवाडा शोधणाऱ्याला नाव ठाऊक हवे.

म्हणून क्रमांक आले. कृष्णा आणि गोदावरी जलविवाद लवादांच्या कामकाजात दोन्ही खोऱ्यांचे प्रत्येकी १२ उपखोऱ्यांत केलेले विभाजन वापरले गेले. ‘के-१’ ऊर्ध्व कृष्णा, ‘के-५’ ऊर्ध्व भीमा, ‘के-८’ तुंगभद्रा. तिकडे ‘जी-१’ ऊर्ध्व गोदावरी, ‘जी-२’ प्रवरा, ‘जी-३’ पूर्णा. या ‘जी’ अक्षरामुळे ती मराठवाड्यातलीच पूर्णा हे पक्के होते. क्रम साधारण उगमाकडून मुखाकडे जातो, पण तो काटेकोर नियम नव्हे, यादीचा क्रम आहे.

नियमाने चालणारी पद्धत ब्राझीलचे अभियंते ओट्टो फाफस्टेटर यांनी मांडली. नदीच्या मुखापासून वर जाताना सर्वांत मोठ्या चार उपनद्यांच्या खोऱ्यांना २, ४, ६, ८ हे सम अंक द्यायचे, त्यांच्या दरम्यान मुख्य नदीला थेट पाणी देणाऱ्या पट्ट्यांना १, ३, ५, ७, ९ हे विषम. समुद्राला न मिळणाऱ्या बंदिस्त खोऱ्याला शून्य. मग प्रत्येक तुकडा पुन्हा याच रीतीने फोडायचा आणि नवा अंक जुन्याच्या पुढे लिहायचा. कृष्णेला ही रीत लावली तर तुंगभद्रेला भीमेपेक्षा लहान सम अंक मिळेल, कारण तिचा संगम मुखाच्या अधिक जवळ आहे. गंमत अशी की इथे नकाशा न उघडता केवळ अंकांवरून कोणता तुकडा वरच्या अंगाला आणि कोणता खालच्या अंगाला, हे काढता येते. प्रदूषणाचा माग काढताना त्याचा उपयोग होतो. जगभरातल्या खोऱ्यांच्या संगणकीय नकाशांत हीच पद्धत आज रूढ आहे. तिची किंमत एकच: अंकातून नदीचे नाव पूर्ण पुसले जाते.

अमेरिकेत नाव आणि क्रमांक वेगवेगळ्या दप्तरांत ठेवले आहेत. तिथल्या अधिकृत स्थलनाम-सूचीत ‘बेसिन’ हा प्रकार आहे, पण त्याचा अर्थ उंच जमिनीने वेढलेला खोलगट भाग असा. पाणी वाहून नेणारे खोरे त्यात मोडत नाही. खोऱ्यांसाठी वेगळी संकेतांक-पद्धती असून प्रत्येक पातळीला दोन अंक वाढत २ पासून १२ अंकांपर्यंत जातात.

भारतात मृदा व भूमी-उपयोग सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने देशाचे ६ जलसंपत्ती प्रदेश, ३५ खोरी, ११२ पाणलोट, ५०० उपपाणलोट आणि ३,२३७ लहान पाणलोट क्षेत्रे पाडली. संकेतांकात अंक आणि अक्षर एकाआड एक येतात, त्यामुळे कोणती पातळी वाचतो आहोत हे चुकत नाही. केंद्रीय जल आयोगाची विभागणी वेगळी आहे. तेव्हा ‘भारतात खोरी किती’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. मोजणारा कोण हे आधी विचारावे.

महाराष्ट्रात पाच खोरी धरतात. राज्याच्या क्षेत्रापैकी गोदावरीत ४९.५ टक्के, कृष्णेत २२.६, तापीत १६.७, नर्मदेत जेमतेम अर्धा टक्का. उरलेले १०.७ टक्के ‘पश्चिमवाहिनी नद्या’ या नावाखाली येतात. हे पाचवे खोरे खरे तर खोरे नाहीच. वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी अशा स्वतंत्रपणे समुद्राला मिळणाऱ्या नद्यांची ती सोयीची मोट आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात या पाचांची २५ उपखोरी केली आणि लागवडीयोग्य क्षेत्राच्या दर हेक्टरी उपलब्ध पाण्यावरून त्यांना दर्जे दिले. १,५०० घनमीटरपेक्षा कमी ते अतितुटीचे, १२,००० पेक्षा अधिक ते अतिविपुल. भूरचनेवर आधारलेली वर्गवारी इथे पाण्याच्या हिशेबाला जोडली गेली. त्याखालची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची; तिने राज्याची १,५०५ पाणलोट क्षेत्रे पाडली, पुढे हा आकडा १,५३१ झाला. ‘जीव्ही’ म्हणजे गोदावरी, ‘बीएम’ म्हणजे भीमा, ‘केआर’ म्हणजे कृष्णा आणि पुढे क्रमांक, अशी त्यांची ओळख असते.

या सगळ्या रेषांचा जिल्हा-तालुक्यांच्या सीमांशी मेळ बसत नाही. नीरा ही पुणे आणि सातारा जिल्ह्यांमधली हद्द आहे. म्हणजे जी नदी खोऱ्याचा मध्य, तीच प्रशासनाची कड. एका पाणलोटाचे दोन काठ दोन जिल्ह्यांच्या आराखड्यांत येतात ते यामुळे. काही ठिकाणी पाणीच रेषा ओलांडते. कोयनेचे खोरे कृष्णेत मोजले जाते, पण वीजनिर्मितीसाठी तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडले जाते आणि वाशिष्ठीला मिळते. कृष्णा जलविवाद लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. नकाशावर कोयनेचा संकेतांक अर्थात कृष्णेचाच राहतो.