तालमीचा फुटबॉल क्लब कोणाच्या नावावर? चेंज रिपोर्ट, प्रायोजकाचा करार आणि बातमीविरुद्धची तक्रार

फुटबॉलचा हंगाम जवळ आला की कोल्हापुरातल्या पेठांतल्या तालमींतून मला तेच तेच फोन येतात. निवडणूक झाली, नवे अध्यक्ष झाले, हार घालून झाले; पण बँक सह्या बदलून देत नाही. प्रायोजक म्हणतो, आधी तुमचं आपसात मिटवा. आणि दुसरा गट पेपरात वेगळीच कार्यकारिणी छापून आणतो. तिन्ही दुखणी एकाच कागदापाशी येऊन थांबतात. तो कागद म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा, परिशिष्ट १.

पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं मैदानावरच्या संघाची आहेत, तशीच त्या संस्थांचीही. म्हणून 'क्लब कोणाचा' हा प्रश्न खरं तर 'संस्थेचे विश्वस्त कोण' असा विचारायला हवा. (पुढची माहिती कोणत्याही एका तालमीबद्दल नाही.) अशी मंडळं सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. सार्वजनिक न्यासाला मालक नसतो. तीस वर्षं ज्याने स्वतःच्या खिशातून बूट आणले तोही मालक नाही आणि ज्याच्या आजोबांनी जागा दिली तोही नाही. उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत ते विश्वस्त, एवढंच कागद ओळखतो. कटू वाटतं, पण भांडण सुरू झाल्यावर यावाचून दुसरा आधार नसतो.

चेंज रिपोर्ट: कुठे अडतं

विश्वस्त बदलले की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. नमुना परिशिष्ट ३ चा. तो भरून, सोबत कागद जोडून, जिथे संस्थेची नोंद आहे त्या सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांकडे दाखल करायचा. नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळखपत्रं, शपथपत्र, नियमावलीची प्रत आणि परिशिष्ट १ ची प्रमाणित नक्कल हे सगळं जमवायला आठवडा पुरतो.

मुदत ९० दिवसांची आहे आणि ती बदल झाल्या तारखेपासून मोजतात. इथे फार जण फसतात. निवड १० एप्रिलला झाली, पुढच्या सभेत जूनमध्ये इतिवृत्त कायम झालं, म्हणून जूनपासून मोजायला लागतात. तसं नाही. १० एप्रिललाच घड्याळ सुरू झालं. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज देता येतो. कारण पटलं तर खर्च भरून घेऊन मुदत वाढवून मिळते. पण कारण खरं आणि तारखांसकट लिहा. 'पदाधिकारी कामात व्यस्त होते' एवढ्या एका ओळीवर माफी मागणारे अर्ज मी पाहिलेत आणि त्यांना मिळालेल्या तारखांवर तारखाही पाहिल्यात.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: सभेची नोटीस सभासदांना पोचल्याचा पुरावा. सभा झाली, दोनशे माणसं होती, फोटो आहेत, व्हिडिओ आहे. पण नोटीस कोणाला, कोणत्या तारखेला, कशी दिली? तुमच्या नियमावलीत किती दिवस आधी आणि कोणत्या मार्गाने नोटीस द्यायची ते लिहिलेलं असतं, आणि चौकशीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. तालमीच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना सगळ्या पेठेने वाचली असेल, पण नियमावलीत 'लेखी' म्हटलं असेल तर ती चालत नाही. व्हॉट्सॲपचंही तेच, नियमावलीत तरतूद नसेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. अजेंडा वहीवर प्रत्येक सभासदाची तारखेसह सही घेणं हा सगळ्यात भक्कम मार्ग. जुन्या नियमावल्यांत 'रजिस्टर पोस्टाने' असं असतं. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केली आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा, पावत्या आणि पोच जपा, आणि सवड मिळाली की नियमावलीतलं ते वाक्य रीतसर दुरुस्त करून घ्या.

दुसरी अडचण सभासद यादीची. पेठेतला प्रत्येक जण स्वतःला तालमीचा समजतो आणि मनाने तो असतोही. कायद्याचा सभासद मात्र तोच, ज्याचं नाव सभासद नोंदवहीत आहे. शिवाय १८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की, ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, त्याला सभासद म्हणून मोजताही येत नाही. गणपतीची किंवा शिवजयंतीची वर्गणी म्हणजे सभासद वर्गणी नव्हे. पावती पुस्तकं वेगळी ठेवा. एका मंडळात सगळ्या पावत्या एकाच पुस्तकातल्या निघाल्या आणि कोण सभासद, कोण देणगीदार, हे ठरवण्यात एक अख्खा हंगाम गेला. पोरं सरावाला येत होती, पण संघाच्या नोंदणीवर सही कोणी करायची तेच ठरेना. हे बघणं फार वाईट असतं.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त अर्ज जिथे रखडतात ती, तुटलेली साखळी. उतारा काढला की त्यावर १९८७ सालचे विश्वस्त निघतात. त्यातले बरेच हयात नसतात. मधल्या काळात सहा-सात निवडणुका झाल्या, चेंज रिपोर्ट एकाचाही नाही, किंवा दिला होता पण पाठपुरावा न झाल्याने पडून आहे. अशा वेळी फक्त शेवटच्या निवडणुकीचा अर्ज दिला तर हमखास विचारलं जातं की, ही सभा बोलावणाऱ्यांना अधिकार कुठून आला? म्हणून मधल्या प्रत्येक मुदतीचा वेगळा अर्ज, प्रत्येकाला विलंब माफी, मयतांचे मृत्यू दाखले, राजीनामा दिलेल्यांची मूळ पत्रं, हे सगळं ओळीने जोडावं लागतं. जुनी प्रोसिडिंग बुकं, म्हणजे इतिवृत्ताच्या वह्या, माजी सचिवांच्या घरी असतात. भांडायला जाऊ नका, चहाला जा. वही मिळणं महत्त्वाचं. आणि पंचवीस वर्षांमागच्या सभेचं इतिवृत्त आज बसून नव्या शाईने लिहू नका. मी हात जोडून सांगतो, ते पकडलं जातं आणि मग खरी सभाही खोटी ठरते.

अर्ज पूर्ण असेल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर १५ कामकाजी दिवसांत बदल तात्पुरता मान्य करून हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस काढण्याची सोय आहे. हरकत आली नाही तर तोच आदेश अंतिम होतो. कायद्यात एवढं साफ लिहिलेलं असताना अर्ज महिनोन्‌महिने टेबलावर का पडतात, याचं उत्तर अर्जदाराला मिळायलाच हवं. लेखी विचारा, पोच घ्या, पुन्हा विचारा. हरकत घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: सोसायटी म्हणून नोंदलेल्या मंडळात हितसंबंधित व्यक्ती म्हणजे सभासद. कट्टर समर्थक असणं पुरेसं नाही. निकाल विरोधात गेला तर १९५० च्याच कायद्याच्या कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे अपील करायला ६० दिवस आहेत आणि ते निकाल नोंदवल्या तारखेपासून. नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा.

प्रायोजकाचे पैसे

जर्सीवर नाव टाकून पैसे घेतले की ती देणगी राहत नाही. त्यावर देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी (८०-जी ची) पावती देऊ नका. कंपनी 'सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) देतो, पण लोगो मोठा हवा' म्हणाली तर नम्रपणे सांगा की, स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या नियमांत बसत नाही. दोन्हींतलं एक ठरवायला सांगा.

पैसे संस्थेच्या खात्यातच यायला हवेत आणि पॅनही संस्थेचाच हवा. बँक उतारा मागते, उताऱ्यावर नावं जुनी, म्हणून 'तात्पुरतं' सचिवाच्या खात्यावर किंवा क्यूआर कोडवर पैसे घेतले जातात. प्रायोजक टीडीएस कापतो, तो सचिवाच्या पॅनवर दिसतो आणि ती रक्कम त्याचं उत्पन्न म्हणून मोजली जाते. पुढे दुसरा गट अपहाराची तक्रार करतो. एका प्रामाणिक माणसाची यात झालेली दैना मी जवळून पाहिली आहे. त्याने एक रुपया खाल्ला नव्हता, पण सिद्ध करायला कागद नव्हता.

खेळाचा प्रसार हा धर्मादाय हेतू आहे हे प्राप्तिकर खात्याने १९८४ च्या परिपत्रकात मान्य केलेलं आहे. मात्र प्रायोजकत्वासारखी व्यावसायिक जमा वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की करसवलत धोक्यात येते. वर्षअखेरीला नव्हे, करार करण्याआधी सीएला भेटा.

करार वाचल्याशिवाय सही नको, हे कोलकात्याच्या ईस्ट बंगाल फुटबॉल क्लबकडे बघून शिकावं. २०२० मध्ये श्री सिमेंट या गुंतवणूकदार कंपनीबरोबर प्राथमिक करारपत्रावर सही झाली आणि संघ इंडियन सुपर लीगमध्ये गेला. अंतिम कराराची वेळ आली तेव्हा क्लबचे हक्क हातातून जातील म्हणून पदाधिकाऱ्यांनी सही नाकारली. २०२१ मध्ये समर्थक रस्त्यावर उतरले, २०२२ मध्ये कंपनी बाहेर पडली आणि तिच्या जागी इमामी ही कंपनी आली. शंभर वर्षांच्या क्लबची ही गत झाली, तर तालमीने दोन पानांच्या करारातही तीन गोष्टी बघाव्यात: संघाचं नाव आणि बोधचिन्ह कोणाकडे राहणार, मुदत कधी संपणार, आणि सही करणाऱ्याला तसा ठराव आहे का. तालमीच्या इमारतीतला गाळा प्रायोजकाला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायचा असेल तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली आधी परवानगी लागते.

बातमी एकतर्फी आली तर

वर्तमानपत्राविरुद्धची तक्रार भारतीय प्रेस परिषदेकडे होते. आधी संपादकांना लेखी कळवावं लागतं. ही पायरी गाळली की तक्रार तिथेच अडते. पत्रात राग नको. बातमीतलं कोणतं वाक्य चूक आहे ते लिहा आणि सोबत परिशिष्ट १ ची नक्कल जोडा. बऱ्याचदा एवढ्यावर दुरुस्ती छापून येते, कारण बातमीदारालाही कागद हवाच असतो.

नाहीच छापलं तर परिषदेकडे जा. दैनिक आणि साप्ताहिकाच्या बाबतीत मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची आहे, इतर नियतकालिकांसाठी चार. संपादकांच्या उत्तराची वाट बघण्यात हे दोन महिने निघून जातात, म्हणून पत्र पहिल्याच आठवड्यात पाठवा. मूळ कात्रण, मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार, आणि या विषयावर न्यायालयात काही चालू नाही अशी घोषणा जोडायची. अब्रुनुकसानीचा दावा आधीच लावला असेल तर परिषद हात घालत नाही. परिषद ताकीद देते, नापसंती नोंदवते. भरपाई देत नाही.

'त्यांच्या सामन्याला अर्धं पान, आमच्याला चार ओळी' ही तक्रार तिथे टिकत नाही. कोणत्या बातमीला किती जागा द्यायची हा संपादकांचा अधिकार आहे. नसलेली कार्यकारिणी छापली किंवा तुमची बाजू न विचारता अपहाराचा आरोप छापला, तर ती टिकते. वृत्तवाहिनीच्या बाबतीत मात्र मुदत फारच तोकडी आहे. वाहिनी एनबीडीएची (वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची) सदस्य असेल तर प्रसारणापासून सात दिवसांत वाहिनीकडे लेखी तक्रार जायला हवी, तेव्हा ध्वनिचित्रफीत त्याच रात्री उतरवून ठेवा.