सागरी मत्स्यटाकीतील शेवाळ (कोकण किनारा)

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत काचा, दगड, वाळू आणि पंपांवर पुन्हा पुन्हा माजणारी शैवले, शैवलांसारखे दिसणारे इतर जीव आणि त्यांना आवर घालण्याची रीत या नोंदीत दिली आहे. बोलताना सगळ्यालाच ‘शेवाळ’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात निरनिराळी बिऱ्हाडे नांदत असतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी ओळख पटवावी लागते.

नवी टाकी भरली की पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी, बोटाला पिठासारखी लागणारी साय धरते. ती डायटम या एकपेशी शैवलांची. त्यांची कवचे सिलिकाची असतात. पाण्यातली सिलिका सरली की ते बहुधा आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठी औषध आणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दगडांवरचे हिरवे केस डर्बेसियाचे असू शकतात, तर बारीक पिसासारखी फांदी दिसली तर तो ब्रायॉप्सिस, आणि तो जास्त चिवट. व्हॅलोनिया हिरव्या काचेच्या मण्यांसारखी दिसते. तिचा एकेक टपोरा मणी म्हणजे एकच पेशी. लालसर-जांभळा, दुधाच्या सायीसारखा सोलून निघणारा थर हे मुळात शैवल नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. शेंबडासारखे तपकिरी दोर आणि त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे दिसले, रात्री ते विरळ झाले आणि दुपारी पुन्हा लोंबू लागले, तर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी सूक्ष्मजीवांचा संशय घ्यावा. गुलाबी-जांभळा टणक लेप मात्र कोरलाइन शैवलाचा असतो. तो टाकी निरोगी असल्याची खूण आहे, तो खरवडू नये.

शेवाळाला उजेड लागतो, नायट्रेट लागते, फॉस्फेट लागते. समुद्रातल्या प्लवकांमध्ये, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये, कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण १०६ : १६ : १ असते, हे समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी दाखवले. फॉस्फेट किती थोडे पुरते ते यावरून कळते. नवशिके इथे एका गोष्टीने हमखास गोंधळतात. टाकी हिरवीगार झालेली असते आणि चाचणी संचात फॉस्फेट शून्य दिसते. ते आत आलेले नसते असे नाही, शेवाळाने ते आधीच गिळलेले असते. अशा वेळी संचापेक्षा काचेवर विश्वास ठेवावा. उलट, रसायने वापरून दोन्ही क्षार खरोखरच शून्यावर आणले की डायनोफ्लॅजेलेटांना रान मोकळे मिळते. म्हणून नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास राखण्याकडे अनुभवी लोकांचा कल असतो.

कोकणात समुद्र दारात आहे, तेव्हा दोष त्याच्या माथी मारला जातो. पण नायट्रेट-फॉस्फेट आत येण्याची खरी वाट बहुतेकदा गोड्या पाण्याची असते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावतात. त्याने पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि उणे पडलेले पाणी विहिरीचे किंवा बोअरवेलचे घातले जाते. आगरातली विहीर, शेजारी शेणखताचा खड्डा किंवा शौचालयाचा शोषखड्डा असेल, तर त्या पाण्यात नायट्रेट असण्याची दाट शक्यता. सिलिका तर असतेच. समजा २०० लिटरच्या टाकीत रोज ३ लिटर भर पडते आणि त्या पाण्यात नायट्रेट १० पीपीएम आहे. महिन्याला ९० लिटर पाण्यातून ९०० मिलिग्रॅम नायट्रेट आत जाते, म्हणजे टाकीत ४.५ पीपीएमची वाढ, आणि हे माशांना एक दाणाही न घालता. स्वयंपाकघरातला आरओ पुरेल असे वाटते, पण पाण्याला चव यावी म्हणून त्यातल्या बऱ्याच यंत्रांत थोडे कच्चे पाणी परत मिसळलेले असते. टाकीसाठी आरओनंतर उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा हवा आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवे. पावसाळ्यात यावर फुकटचा तोडगा आहे. पहिल्या चार-दोन सरी सोडून उघड्या आभाळाखाली स्वच्छ पिंप ठेवावे. पागोळ्यांचे पाणी मात्र धरू नये; कौलांवरचे शेवाळ, पालापाचोळा आणि पाखरांची विष्ठा ते घेऊन येते.

समुद्राचे पाणी आणायचे तर पौष-माघात, भरतीच्या टोकाला, खाडीचे मुख आणि जेटी टाळून, कातळाच्या बाजूने भरावे. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गढूळ आणि मचूळ होते, ते घेऊच नये. खारेपणा तपासायच्या हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास हवे. झाकणाच्या पिंपात अंधारात दोनेक आठवडे ठेवले की गाळ खाली बसतो. किनाऱ्यावरची काळी वाळू टाकीत घालण्याचा मोह आवरावा. तिच्यातले लोहयुक्त कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि एकाच फेरीत काचेवर कायमचे ओरखडे पाडतात.

दुसरी वाट अन्नाची. सुका जवळा किंवा बारीक चिरलेली कोळंबी मासे आवडीने खातात, पण त्यांच्या रसात फॉस्फेट भरपूर. चहाच्या गाळणीत धुऊन, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे.

आलेले शेवाळ काढताना पंप बंद करून जुन्या टूथब्रशने केस सोडवावेत आणि नळीने त्याच क्षणी बाहेर ओढावेत. नुसते घासले तर तुकडे टाकीभर पसरतात. व्हॅलोनियाचे मणी न फोडता अलगद सोडवलेले बरे. आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदलणे, प्रोटीन स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप वेळेवर धुणे, दिवे आठ तासांच्या आत ठेवणे आणि खिडकीचे ऊन अडवणे हे कंटाळवाणे उपाय सर्वांत जास्त फळतात. मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत कीटोमॉर्फा ही दोरेदार शैवलाची जात वाढवून तिला रात्री उजेड देण्याची युक्तीही चांगली: शेवाळाला शेवाळाकरवीच उपाशी मारायचे. सायनोबॅक्टेरियावर तीन दिवस पूर्ण अंधार केल्याने उतार पडतो, पण खाद्याची सवय बदलली नाही तर ते परततात. गोड्या पाण्यासाठी विकली जाणारी तांबेयुक्त शेवाळनाशके इथे कधीही वापरू नयेत, शंख आणि कोळंबी त्यांनी मरतात.

शेवाळ खाणारे शंख आणि शंखातले खेकडे ओहोटीच्या कातळावर दिसतात, पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले शंख रात्री काच चढून बाहेर पडतात आणि सकाळी फरशीवर सापडतात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून काही उचलू नये. दगडी प्रवाळ व समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे प्रवाळ लागलेला दगडही घरी आणता येत नाही.

काढलेले शेवाळ खाडीत टाकू नये. १९८४ मध्ये मोनॅकोजवळ आढळलेली परकी कौलर्पा ही शैवलाची जात मत्स्यालयातून सुटल्याचे मानले जाते, आणि पुढे ती भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. आपल्या टाकीतले शेवाळ माडाच्या आळ्यात घालावे. माडाला खाऱ्याचे वावडे नाही.