महाधमनी फाटणे : तातडीच्या शस्त्रक्रिया

हृदयातून निघून साऱ्या शरीराला रक्त पुरवणारी मुख्य धमनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर गेली की रक्त मधल्या थरात घुसते आणि भिंत उकलत जाते. याला डिसेक्शन म्हणतात. भिंत आरपार फुटली तर रक्तस्राव थेट छातीत किंवा पोटात होतो. कोणती शस्त्रक्रिया करायची हे बव्हंशी चीर कुठे आहे यावर ठरते.

१९७० पासून रूढ असलेल्या स्टॅनफर्ड वर्गीकरणात हृदयालगतचा, वर चढणारा भाग उकलला असेल तर ‘ए’ प्रकार. तो भाग शाबूत असेल तर ‘बी’. ‘ए’मध्ये हृदयावरणात रक्त साचून हृदय दाबले जाते, हृदय आणि महाधमनी यांच्यामधली झडप गळू लागते किंवा मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. उपचाराविना पहिल्या ४८ तासांत दर तासाला मृत्यूचा धोका १ ते २ टक्क्यांनी वाढतो, असा परंपरेने दिला जाणारा अंदाज आहे. छातीतली कळ हृदयविकाराचा झटका समजून रक्त पातळ करणारी औषधे दिली गेली तर रक्तस्राव आणखी बळावतो. म्हणून शंका येताच सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे सीटी स्कॅन) करतात. शस्त्रक्रियागृह सज्ज होईपर्यंत बीटा-ब्लॉकर या हृदयाची गती कमी करणाऱ्या औषधाने नाडी ६० च्या खाली आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान आणतात.

‘ए’ प्रकारात छातीचे हाड उभे कापून रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर (हृदय व फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावर) घेतात, शरीर थंड करतात आणि काही काळ रक्ताभिसरणच थांबवतात. मेंदूला मात्र बहुधा काखेतल्या धमनीवाटे रक्त चालू ठेवले जाते. मग चिरेचा भाग कापून तिथे डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी शिवतात. कसोटी लागते ती या शिवणीत. उकललेली भिंत ओल्या कागदासारखी असते, टाका ओढला की फाटते. म्हणून आतून-बाहेरून फेल्टच्या (नमद्यासारख्या जाड कापडाच्या) पट्ट्या लावून त्यांच्यामधून टाके घेतात. झडप चांगली असेल तर ती जागेवर टांगून देतात. महाधमनीचे मूळच खराब झाले असेल तर बेंटॉल शस्त्रक्रिया (१९६८) करून झडप आणि नळी एकत्र बसवतात व कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या) धमन्यांची मुखे त्या नळीला जोडतात. चीर कमानीत, म्हणजे वर चढलेली महाधमनी खाली वळते त्या भागात, असेल तर संपूर्ण कमान बदलावी लागते. एरवी कमानीचा खालचा काठ बदलून थांबणे बहुतेकदा शहाणपणाचे, कारण या घडीला जीव वाचवायचा असतो, सगळी महाधमनी दुरुस्त करायची नसते.

या शस्त्रक्रियेचे एक प्रणेते मायकेल डीबेकी यांनाच २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, डिसेक्शन झाले. फेब्रुवारी २००६ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ते २००८ पर्यंत जगले.

‘बी’ प्रकार बहुधा औषधांवर सांभाळला जातो. भिंत फुटली किंवा आतडी, मूत्रपिंडे, पाय यांचा रक्तपुरवठा तुटला, तर जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट (कापडाने मढवलेली धातूच्या जाळीची नळी) सरकवून चीर झाकतात. यात मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी होऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो. अपघातात महाधमनी बहुधा डाव्या हाताच्या धमनीच्या जरा पुढे फाटते. तिथेही आता हाच मार्ग पसंत केला जातो.

पोटातली फुगलेली महाधमनी फुटल्यास रक्तदाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे साकळलेले रक्त सुटून स्राव पुन्हा उसळत नाही. पोट उघडून नळी शिवणे किंवा आतून स्टेंट-ग्राफ्ट बसवणे हे दोन मार्ग. या दोन्हींची तुलना करणाऱ्या ‘इम्प्रूव्ह’ चाचणीत (६१३ रुग्ण) ३० दिवसांतला मृत्युदर साधारण सारखाच निघाला: स्टेंट-ग्राफ्टच्या धोरणात ३५ टक्के, पोट उघडण्याच्या धोरणात ३७ टक्के. ३ वर्षांनंतर मात्र स्टेंट-ग्राफ्टचे पारडे जड ठरले. अर्थात स्टेंट-ग्राफ्टसाठी फुग्याच्या वरची मान, म्हणजे न फुगलेला भाग, पुरेशी लांब व सरळ असावी लागते.