कवळी खिशात नको, तोंडात घालून या

रुमालात गुंडाळलेली कवळी टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, "डॉक्टर, ही टोचते, जरा घासून द्या." आठवड्याला असे चार-पाच जण तरी आमच्याकडे येतात. कुठे टोचते विचारलं की बोट गालावरून फिरतं, "इथेच कुठेतरी." किती दिवस काढून ठेवलीय? "झाले की आठ-दहा दिवस." कधी तर आजोबा घरीच असतात आणि कवळी एकटीच मुलाबरोबर दवाखान्यात येते.

कवळी जिथे रुतते तिथे हिरडीवर लाल चट्टा उठतो किंवा बारीक जखम होते. ती बघून आम्ही कवळीचा आतून नेमका तेवढाच भाग खरवडतो. आठ दिवस कवळी डबीत राहिली की जखम भरून येते आणि आमची खूणच पुसली जाते. मग अंदाजाने घासावं, तर टोचणं तसंच राहतं आणि चांगली घट्ट कवळी ढिली होते. म्हणून आम्ही परत पाठवतो, "उद्या घालून जेवा, परवा या." त्यावर नाराजी होते, तिकिटाचे पैसे गेले म्हणून बोलणीही खावी लागतात. फार दुखत असेल तर खुशाल काढून ठेवा. मात्र येण्याच्या आदल्या दिवशी घाला, तिच्यावर दोन घास खा आणि घालूनच या. घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. मोडली तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नका, तुकडे तसेच आणा. गोंदाने वाकडी चिकटलेली कवळी सरळ करण्यापेक्षा नवी करणं सोपं पडतं.

डबीत ठेवण्याचा दुसरा तोटा जास्त मोठा आहे. कवळी बनवतो आम्ही, पण ती वापरायला शिकायचं असतं मेंदूला.

माँट्रियलचे मेंदूचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड शुद्धीत असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श करून, शरीरात कुठे जाणवतं ते विचारत. त्यांनी 1937 मध्ये त्याचा नकाशा छापला. त्यात ओठ आणि जीभ यांच्या वाट्याला आलेली जागा अख्ख्या पाठ-पोटापेक्षा मोठी निघाली. डाळीतला खडा जिभेला मोठा का वाटतो, ते यावरून कळेल. खऱ्या दाताभोवती एक पातळ पडदा असतो आणि त्यातल्या नसा केसाहूनही बारीक कण ओळखतात. दात काढला की तो पडदाही जातो. कवळी हिरडीवर टेकते, त्यामुळे जाणीव बोथट होते आणि चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या साधारण पाव भागावर येते. म्हणूनच नव्या कवळीने पहिल्या दिवशी भडंग खाऊ नका, असं आम्ही सांगतो. (तरी खातात.)

सुरुवातीला तोंडाला सारखं पाणी सुटतं, कारण मेंदूला वाटतं तोंडात घास आहे. 'स' म्हणताना शिट्टी वाजते, गाल चावला जातो, जीभ कवळीला ढकलत राहते. मऊ भात, वरणात कुस्करलेली पोळी, मग भाकरी, अशा चढत्या क्रमाने आणि दोन्ही बाजूंनी चावत गेलं की काही आठवड्यांत हे सगळं आपोआप जमायला लागतं. मध्येच पंधरा दिवस डबीत ठेवली की धडा पुन्हा पहिल्या पानापासून.

आता नेहमीचा प्रश्न: "दात गेले की स्मरणशक्ती जाते का?" मोबाइलवर फिरणारे मजकूर वाचून लोक घाबरून येतात. ज्यांचे दात जास्त पडलेत त्यांच्यात विसराळूपणा जास्त दिसतो, हे अनेक अभ्यासांत आलंय. पण त्यात कोण कोणामुळे, याचा गुंता आहे. विसरायला लागलेला माणूस दात घासायलाही विसरतो. हिरड्यांच्या रोगाचा एक जंतू अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचं संशोधन 2019 मध्ये आलं आणि गाजलं. त्या धाग्यावर केलेल्या औषधाची मोठी चाचणी 2021 मध्ये अपयशी ठरली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली, त्यांत दात नाहीत. कमी ऐकू येणं, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, एकटेपणा आहेत. त्यामुळे "कवळी बसवा, बुद्धी वाचवा" अशी पाटी आम्ही लावणार नाही. चावता येत नाही म्हणून शेंगदाणे, काकडी, भाकरी सुटते, नुसत्या चहा-बिस्किटांवर दिवस निघतो आणि चारचौघांत जेवायला लाज वाटते म्हणून माणूस लग्नाकार्याला जायचं टाळतो, हे मात्र आम्ही रोज बघतो. आणि मिश्री लावणाऱ्या मावशींनो, मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या बळकट होत नाहीत.

वरचा दात काढला की डोळा किंवा मेंदू अधू होतो, ही भीतीही सोडा. डोळ्याची दृष्टी नेणारी नस वेगळी, दाताची वेगळी. उलट पू झालेली दाढ वर्षभर सांभाळत बसणं घातक.

गिळण्याकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. एका घोटाला तिसाहून जास्त स्नायू लागतात आणि तेवढा वेळ मेंदू श्वास थांबवून धरतो. ही वेळ चुकली की ठसका लागतो. मागे एक काका आले, "सकाळपासून कवळी डावीकडे ढिली झालीय." कवळी तीन वर्षांची, कालपर्यंत घट्ट. चूळ भरायला सांगितली तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळलं. हसायला सांगितलं तर एकच बाजू हलली. आम्ही कवळीला हातही लावला नाही, रिक्षात बसवून थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. कवळीला गालाचे स्नायू धरून ठेवतात, आणि पक्षाघातात तेच सैल पडतात. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अचानक एका बाजूने ढिली झाली, गालात घास साठायला लागला, बोलणं जड झालं, तर आमच्याकडे येऊ नका. पाण्याचा प्रत्येक घोट ठसकत असेल तरी आधी फिजिशियनला दाखवा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड साफ ठेवणं ही चैन नाही. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं पाहिलं (1999 मध्ये छापून आलं): जिथे जेवणानंतर दात घासून दिले तिथे 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, जिथे दिले नाहीत तिथे 19 टक्क्यांना. तोंडातली घाण लाळेबरोबर फुप्फुसात उतरते. म्हणून कवळी रात्री काढा, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासा, गार पाण्यात बुडवून ठेवा. उकळतं पाणी ओतलं की ती वाकते.

"शेजारच्या गावात दोन दिवसांत देतात, तुम्ही पाच फेऱ्या का मारायला लावता?" पहिलं माप, दुसरं माप, चावा (वरचा-खालचा जबडा कसा मिळतो ते बघणं), दात मेणात लावून बघणं, मग पक्की कवळी. मेणातला दात आम्ही पाच मिनिटांत हलवतो, पक्क्या कवळीतला हलत नाही. चाव्याच्या दिवशी घाई केली की ती कवळी पुढे डबीतच राहते. नव्या कवळीचं पहिल्या महिन्यातलं घासणं-बसवणं आमच्याकडे मोफत आहे, दुसरीकडे केलेलीही आम्ही दुरुस्त करून देतो. आजी-आजोबा वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिटलात असतील तर कवळीच्या आत नाव घालून मिळेल. आदलाबदल झालेल्या कवळ्या आम्ही पाहिल्यात.

बाजारच्या दिवशी फार गर्दी असते, त्यामुळे कवळीवाल्यांनी इतर दिवशी दुपारी चारनंतर यावं. दुपारचं जेवण कवळी घालूनच करा, आणि भाकरी असली तर उत्तम.